व्हॅलरीचे दातवाले दोस्त

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांमधलं एक पत्र मला फार आवडलं. आठवीतल्या एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'मला समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायची फार इच्छा आहे. पण टीव्हीवर शार्कचा तो सिनेमा पाहिल्यापासून मी गुडघाभर पाण्यातसुद्धा जात नाही. घरचे हसतात. काय करू?' पत्राच्या कडेला तिनं शार्कचं चित्रही काढलं होतं. त्यात शार्क थोडा आणि दातच जास्त होते!

पत्राचं उत्तर म्हणून आज तुम्हांला एका पाणबुड्या बाईंची ओळख करून देतो. तो सिनेमा म्हणजे बहुतेक 'जॉज'. १९७५ साली तो आला. त्यातला पुष्कळसा शार्क खोटा, म्हणजे यांत्रिक होता. पण काही प्रसंगांमध्ये खराखुरा शार्कही दिसतो. तो पाण्याखाली जाऊन कॅमेऱ्यात टिपला होता ऑस्ट्रेलियातल्या एका नवरा-बायकोनं. त्यांची नावं रॉन आणि व्हॅलरी टेलर. सगळ्या जगाला घाबरवणारा हा शार्क दाखवणाऱ्या व्हॅलरीला स्वतःला मात्र शार्कची भीती वाटत नव्हती. उलट जगाच्या मनातली भीती काढण्यासाठी तिनं पुढचं सगळं आयुष्य घालवलं. ते कसं, ते आता ऐका.

अंथरुणातून थेट समुद्रात

व्हॅलरीचा जन्म १९३५ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातला. तिच्या लहानपणीची काही वर्षं मात्र शेजारच्या न्यूझीलंडमध्ये गेली. तिथे बाराव्या वर्षी तिला पोलिओ झाला. पोलिओची लस तेव्हा निघालेलीच नव्हती. घरापासून दूर, हॉस्पिटलात पडून राहायचं आणि आपले पाय आपलं ऐकत नाहीत हे बघत बसायचं! पुढे ती बरी झाली, पण चालायला तिला पुन्हा नव्यानं शिकावं लागलं. शाळा मागे पडली ती पडलीच. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती चित्रं काढायच्या कामाला लागली.

मग हे कुटुंब पुन्हा सिडनीला आलं आणि व्हॅलरीला समुद्र भेटला. जमिनीवर जे शरीर लवकर थकायचं, ते पाण्यात किती हलकं होतं! ज्यांना पोहता येतं त्यांना हे लगेच कळेल. तोंडावर काचेचा मुखवटा, पायांत बदकासारखे पंजे आणि हातात मासे मारायचा भाला, अशा थाटात ती पाण्यात उतरू लागली. एका श्वासात खाली जायचं, भाला नेमका सोडायचा आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. ऑस्ट्रेलियात या खेळाच्या स्पर्धा होत. ज्याच्या माशांचं वजन जास्त तो जिंकला. अशाच एका क्लबात तिची रॉनशी ओळख झाली आणि १९६३ साली त्यांनी लग्न केलं. व्हॅलरी बायकांच्या गटात अजिंक्य ठरली, तर रॉन १९६५ साली ताहिती बेटावर चक्क जगज्जेता झाला.

आता तुम्ही म्हणाल, मासे मारणारी ही बाई माशांची मैत्रीण कशी?

तीच तर गोष्ट आहे. स्पर्धा संपली की किनाऱ्यावर माशांचे ढीग लागत. जे मासे तासाभरापूर्वी खडकांमधून रंगीत कपड्यांत मिरवत होते, ते वजनकाट्यावर करडे होऊन पडलेले. त्यातून, ज्या जागी काल मासेच मासे होते तिथं आज शुकशुकाट. हे दोघं रोज पाण्याखाली जाणारे, त्यामुळे हा फरक किनाऱ्यावरच्या लोकांच्या आधी त्यांना दिसला. एक दिवस दोघांनीही ठरवलं, की बास, आता भाला नाही. रॉनला यंत्रांचं वेड होतं. पाण्यात चालणारी कॅमेऱ्याची पेटी तो स्वतः बनवायचा. मग दोघांनी भाले ठेवले आणि कॅमेरे उचलले.

पाठीवरची हवा

पण फोटो काढायचे तर एक श्वास कसा पुरणार? इथे कामाला आलं स्कूबा. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, तिला जोडलेली नळी आणि तोंडात धरायची एक झडप. श्वास घ्याल तेव्हाच आणि लागेल तेवढीच हवा ही झडप सोडते. फ्रान्समधले झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली हे साधन यशस्वी करून दाखवलं आणि माणसाला माशासारखं निवांत फिरता येऊ लागलं.

मात्र पाण्याचे नियम कडक असतात बरं का! दर दहा मीटर खाली गेलं की आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा जेवढा दाब, तेवढा आणखी एक दाब अंगावर चढतो. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. म्हणून वर येताना श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. कोंडला तर फुप्फुसं फाटू शकतात. पाणबुड्याला शिकवलेला पहिला धडा हाच : श्वास चालू ठेव आणि घाबरू नकोस. मित्रांनो, हा धडा लक्षात ठेवा. तो पुन्हा लागणार आहे.

देवमाशाभोवतीची जत्रा

१९६९ साली पीटर गिंबेल नावाच्या अमेरिकन चित्रपटकारानं रॉन आणि व्हॅलरीला बोलावलं. त्याला पांढऱ्या शार्कवर, म्हणजे ग्रेट व्हाइटवर, सिनेमा काढायचा होता. पहिला मुक्काम होता दक्षिण आफ्रिकेतलं डरबन. तिथे त्या काळी देवमाशांची शिकार चाले. मारलेला देवमासा पाण्यावर तरंगत ठेवून बोटी पुढच्या शिकारीला जात. त्या प्रचंड धुडावर ताव मारायला शार्कांची ही गर्दी होई. जणू जत्राच!

ही मंडळी लोखंडी पिंजऱ्यांत बसून पाण्यात उतरली. आजूबाजूला खोल समुद्रातले, पंखांची टोकं पांढरी असलेले शार्क मोजता येणार नाहीत इतके. पण पिंजऱ्यातून मनासारखं चित्रण होईना. मग त्यांनी जे केलं ते ऐकून अंगावर काटा येतो. ते चौघे पाणबुडे पिंजऱ्याचं दार उघडून बाहेर आले!

शार्क येत आणि नाकानं ढुशी देऊन बघत. 'हे काय आहे? खायचं आहे का?' शार्कला हात नसतात, म्हणून चौकशी करायची ती नाकानं आणि तोंडानंच. व्हॅलरीच्या लक्षात आलं, की घाबरून पळणारं ते भक्ष्य, हा समुद्राचा हिशेब आहे. म्हणून ढुशी आली की उलट ढुशी द्यायची. हातातल्या कॅमेऱ्यानं नाहीतर काठीनं शार्कच्या नाकावर एक टोला! तो वळून निघून जाई. थोड्या वेळानं शार्कांनी या चौघांना आपल्यातलंच एक मानलं आणि पुन्हा जेवणाकडे लक्ष वळवलं. सगळे सुखरूप वर आले.

पांढरा शार्क मात्र डरबनला काही भेटेना. त्याच्या शोधात सगळा हिंदी महासागर ओलांडून, श्रीलंका करत, शेवटी तो सापडला कुठे, तर टेलरांच्या स्वतःच्याच देशात! दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डेंजरस रीफ नावाच्या खडकांजवळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! हा सिनेमा १९७१ साली आला आणि जगातल्या लोकांनी पांढरा शार्क पहिल्यांदाच इतका जवळून पाहिला.

शार्कनं गोष्ट बदलली

हॉलिवुडच्या मंडळींनीही हा सिनेमा पाहिला होता. त्यामुळे १९७४ साली 'जॉज'साठी खरा शार्क हवा होता, तेव्हा बोलावणं टेलरांनाच आलं. अडचण एकच होती. गोष्टीतला शार्क होता पंचवीस फुटी आणि खरे शार्क भरत त्याच्या जवळजवळ निम्मे. मग युक्ती काढली. पिंजरा लहान बनवला आणि त्यात बसायला बुटका माणूस आणला. पिंजरा आणि माणूस छोटा दिसला, की शेजारचा शार्क आपोआप मोठा दिसणार!

एकदा हा छोटा पिंजरा पाण्यात लोंबकळत होता. सुदैवानं आत कुणी नव्हतं. एक मोठा शार्क आला आणि वरच्या तारांमध्ये अडकला. अडकल्यावर तो जो उसळला, जो आपटला, की काही विचारू नका! बोट हादरली, पिंजरा मोडला, आणि मग शार्क सुटून खोल पाण्यात निघून गेला. पाण्याखाली रॉनचा कॅमेरा चालूच होता.

हे चित्रण दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांना इतकं आवडलं, की ते वापरायचंच असं ठरलं. पण पिंजरा तर रिकामा! मूळ कादंबरीत पिंजऱ्यातला शास्त्रज्ञ मरतो. सिनेमात मात्र तो पिंजऱ्यातून निसटतो आणि वाचतो. एका शार्कनं हॉलिवुडची गोष्ट बदलली आणि एका माणसाचा जीव वाचवला, सिनेमातल्या का होईना!

शार्कांचा जीव मात्र कुणी वाचवला नाही. सिनेमा तुफान चालला आणि लोक समुद्राला घाबरू लागले. शार्क म्हणजे माणसांचा सूड घेत फिरणारा राक्षस, असं खूळ पसरलं. मग शूरवीर निघाले, बोटी घेऊन, शार्क मारायला! मेलेल्या शार्कच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढायची हौस सुरू झाली. टेलरांना याचा धक्का बसला. अमेरिकेत फिरून, टीव्हीवर बोलून ते सांगत राहिले, की अहो, तो सिनेमा आहे, असा शार्क खरा नसतो. पण पडद्यावरच्या दातांपुढे दोन माणसांचं बोलणं कोण ऐकणार? 'जॉज' ही कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली यांनाही पुढे फार वाईट वाटलं. २००६ साली वारले, तोपर्यंत ते शार्कांच्या रक्षणासाठी बोलत आणि लिहीत राहिले.

चाव, बाबा, एकदाचा!

नुसतं बोलून भागत नाही हे व्हॅलरीला कळलं. मग करून दाखवायचं. रॉनच्या डोक्यात बरीच वर्षं एक कल्पना घोळत होती. परदेशात खाटीक लोक हात कापू नये म्हणून बारीक पोलादी कड्यांचे मोजे घालतात. तसाच अंगभर पोशाख केला तर? जुन्या काळचे योद्धे घालत त्या चिलखतासारखा? पोशाख तयार झाला आणि तो घालून पाण्यात उतरली व्हॅलरी.

आता गंमत पाहा. हा 'नरभक्षक' शार्क तिला चावायलाच तयार होईना! मासळीचे तुकडे दाखवून, लालूच लावून त्याला बोलवावं लागलं. अखेर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर निळ्या शार्कांनी तिच्या दंडाला धरलं, ओढलं, झटके दिले. दाब जाणवला, पण दात काही आत शिरले नाहीत. कड्या चवीला काही खास नाहीत असं बघून शार्क सोडून देत. ही छायाचित्रं जगभर गाजली.

म्हणजे तिला कधी शार्क चावलाच नाही असं नाही हं. एकदा चिलखत अंगावर नसताना एका निळ्या शार्कनं तिचा पाय पकडला. तिनं धडपड केली नाही, कारण आपण ओढलं की मांस फाटतं. जखम व्हायची ती झालीच. पण बरी झाल्यावर ती पुन्हा पाण्यात उतरली आणि शार्कांची बाजू मांडत राहिली. रस्त्यात कुत्रा चावला म्हणून आपण जगातली सगळी कुत्री मारायला निघत नाही ना!

भेसूर चेहऱ्याचा गरीब शार्क

सिडनीजवळच्या समुद्रात ग्रे नर्स नावाचा शार्क असतो. तोंड मिटलं तरी त्याचे वेडेवाकडे दात बाहेर दिसतात. चेहरा असा, की बघताच पळावंसं वाटावं. स्वभाव मात्र अगदी गरीब. दिवसा खडकांच्या घळींमध्ये संथपणे फिरत राहणारा. पृष्ठभागावर येऊन हा चक्क हवा गिळतो आणि पोटात ठेवतो, म्हणजे बुडत नाही आणि पोहायचे कष्टही कमी होतात!

पण त्याचा चेहराच त्याला भोवला. 'नरभक्षक' समजून भालेवाल्या पाणबुड्यांनी शेकडो ग्रे नर्स मारले. स्फोट होणारी गोळी लावलेले भाले वापरून मारले. त्यात या माशाची आणखी एक पंचाईत आहे. मादीच्या पोटात दोन गर्भाशयं असतात, आणि प्रत्येकात सगळ्यांत आधी वाढलेलं पिल्लू बाकीच्यांना खाऊन टाकतं. म्हणजे एका वेळी जन्माला येणार दोनच पिल्लं! जिथे जन्म इतके थोडे, तिथे मारलेल्यांची भर कशी निघणार?

व्हॅलरीला हे सगळं माहीत होतं. एके काळी तिच्याही हातात भाला होता. तिनं आणि रॉननं लेख लिहिले, चित्रपट दाखवले, मंत्र्यांच्या मागे लागले. त्यांच्यासारख्या बऱ्याच लोकांच्या खटपटीला यश आलं आणि १९८४ साली न्यू साउथ वेल्स राज्यानं ग्रे नर्स मारायला बंदी केली. कायद्यानं संरक्षण मिळालेला हा जगातला पहिला शार्क! पुढे १९९१ साली दक्षिण आफ्रिकेनं पांढऱ्या शार्कला संरक्षण दिलं आणि त्याच दशकात ऑस्ट्रेलियानंही दिलं.

व्हॅलरीचे दोस्त फक्त शार्कच होते असं समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये, लिझार्ड बेटाजवळ, 'कॉड होल' नावाची जागा आहे. तिथे पोटॅटो कॉड नावाचे, आपल्याकडच्या हेकरू माशाच्या कुळातले अगडबंब मासे राहतात. माणसाहून लांब, शंभर किलोच्या घरातले, आणि अंगावर बटाट्यासारखे डाग! पाहुणे आले की हे कुत्र्यासारखे जवळ येऊन डोळ्यांत डोळे घालून बघतात. आता जो मासा स्वतःहून जवळ येतो, त्याला मारायला काय लागतं? म्हणून या जागेच्या रक्षणासाठीही टेलर भांडले, आणि तिला संरक्षण मिळालं.

खरा घाबरायला हवा कुणी?

आता थोडे आकडे बघू. शार्कच्या हल्ल्यात साऱ्या जगात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात. आणि माणसं वर्षाला किती शार्क मारतात? शास्त्रज्ञांचा अंदाज आहे आठ ते दहा कोटी! काही पंखांच्या सूपसाठी, काही मांसासाठी आणि पुष्कळसे दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत अडकून. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की १९७० पासून खोल समुद्रातले शार्क आणि त्यांचे भाऊबंद असलेले पाकट मासे ७१ टक्क्यांनी कमी झाले. डरबनला ज्या पांढऱ्या टोकांच्या शार्कांनी व्हॅलरीला वेढलं होतं, त्यांची तर आज अतिसंकटग्रस्त जातींत गणना होते. तसं दृश्य आता कुणाला दिसणं कठीण. आपल्या बाजारात येणारी मुशी म्हणजेसुद्धा लहान शार्कच बरं का!

रॉन २०१२ साली वारला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ, जिथे पांढरे शार्क येतात, त्या सागरी उद्यानाला सरकारनं या दोघांचं नाव दिलं आहे. व्हॅलरीवर २०२१ साली एक माहितीपट आला. त्यात ऐंशी ओलांडलेली व्हॅलरीआजी गुलाबी पोशाख घालून फिजीच्या समुद्रात शार्कांना भेटायला जाते. जमिनीवर चालताना गुडघे कुरकुरतात, बोटीवर दोघांनी हात द्यावा लागतो. पण एकदा पाण्यात शिरली, की पुन्हा तीच पोलिओवर मात केलेली मुलगी!

तर माझ्या आठवीतल्या मैत्रिणी, हे तुझ्या पत्राचं उत्तर. समुद्रात शहाणपण हवंच. संधिप्रकाशात, गढूळ पाण्यात, मासळी साफ करतात तिथे पोहू नये. एकट्यानं जाऊ नये. कुठल्याही प्राण्याला पकडू नये, डिवचू नये. पण शहाणपण वेगळं आणि भीती वेगळी. स्कूबाचं लहान मुलांचं शिक्षण दहाव्या वर्षापासून घेता येतं. कधी मालवण-तारकर्लीला गेलीस, तर शिकलेल्या प्रशिक्षकाचा हात धर, मुखवटा लाव आणि खाली बघ. श्वास चालू ठेव आणि घाबरू नकोस.

आणि हो, परतल्यावर मला नवीन चित्र काढून पाठव. या वेळी त्यात दात थोडे कमी आणि शार्क जरा जास्त असू दे!

पुढच्या आठवड्यात भेटूच.